हाडं सगळ्यात शेवटी परततात

मार्च २०२५ मध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर हे अंतराळवीर अवकाशस्थानकातून २८६ दिवसांनी पृथ्वीवर परतले. त्या आठवड्यात मी जाईन त्या घरी हाच विषय. "मॅडम, त्यांना स्ट्रेचरवरून का नेलं हो? काही झालंय का?"

मी ठाण्यात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. नौपाडा, चरई, पाचपाखाडी, कधी घोडबंदर रोडला पार कासारवडवलीपर्यंत. खुब्याचं हाड मोडलेले, गुडघे बदललेले, लांबच्या आजारातून उठू पाहणारे असे माझे पेशंट. बहुतेक सत्तरीपुढचे. त्या बातमीत त्यांना स्वतःचंच काहीतरी दिसत होतं आणि त्यांचं चुकत नव्हतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

स्ट्रेचर म्हणजे आजारपणाची खूण नव्हे. लांबच्या मुक्कामाहून आलेल्यांना यानातून धरूनच बाहेर काढतात, एखाद्याला चालता येत असलं तरीही. कारण तिकडे राहून शरीरात बरंच काही बदललेलं असतं आणि ते सगळं एकाच वेगाने पूर्ववत होत नाही. माझ्या दृष्टीने खरी गोष्ट या वेगांची आहे.

आधी रक्ताचं बघू. आपण उभे असताना रक्त सतत पायांकडे ओढलं जातं आणि ते वर चढवायचं काम शरीर जन्मभर न सांगता करत असतं. अवकाशस्थानकात ही ओढ जाणवत नाही. (तिथे गुरुत्वाकर्षणच नसतं असा समज आहे. ४०० किलोमीटर उंचीवरही ते इथल्याच्या जवळपास ९० टक्के असतं. पण स्थानक आणि आतली माणसं एकत्रच, सतत पृथ्वीभोवती पडत असतात, म्हणून वजन जाणवत नाही.) पायांतला द्रव छाती-डोक्याकडे सरकतो, चेहरा सुजतो, पाय काटकुळे दिसायला लागतात. पाणी जास्त झालंय असा शरीराचा समज होतो आणि ते रक्तातला द्रव कमी करून टाकतं. तिथल्या मुक्कामाला ते ठीकच असतं. परत आल्यावर मात्र उभं राहिलं की तेवढं रक्तही खाली उतरतं, मेंदूला कमी पडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून उतरण्याआधी अंतराळवीर मिठाच्या गोळ्या आणि भरपूर पाणी घेतात, पाय आणि पोट आवळून धरणारे कपडे घालतात.

पाचपाखाडीतल्या एका काकांकडे मला बोलावलं तेव्हा त्यांना नेमकं हेच होत होतं. ऑपरेशन नीट झालेलं. वॉकरवर उभं करायला सांगितलेलं. पण घरी पहिल्यांदा उठवताना काकांना दरदरून घाम आला, मान टाकली, आणि घरच्यांनी धसकाच घेतला. तेव्हापासून जेवण, दाढी, पॉट सगळं पलंगावर. काकूंनी त्यांचं जिवापाड केलं होतं, पाठीला एक जखम होऊ दिली नव्हती. "पडले तर मी एकटी कशी उचलू हो त्यांना?" असं त्या विचारत होत्या, आणि हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. मुलगा दिवसभर कामाला, इमारत जुनी, लिफ्ट नाही.

पहिल्या दिवशी मी त्यांना उभं केलं नाही. पाठीला उशा लावून बसवलं. पावलं वरखाली करून घेतली, पोटऱ्यांना क्रेप बँडेज बांधलं. मग पाय पलंगाखाली सोडून बसवलं आणि बीपी पाहिलं. मिठाच्या गोळ्यांचा प्रश्नच नव्हता, काकांना बीपीची औषधं चालू आहेत. बाकी तत्त्व तेच. रक्ताची ही तक्रार सगळ्यात आधी मिटते. अंतराळवीरांचीही बहुधा काही दिवसांतच मिटते.

दुसरी गोष्ट कानाची. आतल्या कानात चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे असतात. मान कलली की खडे वजनाने सरकतात आणि आपण किती कललो ते मेंदूला कळतं. अवकाशात मान कशीही करा, खडे त्या वजनाने सरकतच नाहीत. मेंदू काही दिवस गोंधळतो, मळमळतं, मग तो तिकडचे नियम शिकतो. परत आल्यावर ते नियम मोडून पुन्हा जुने शिकावे लागतात. मान जराशी कलवली तरी आपण गडगडतोय असं वाटतं. पाय फाकवून उभं राहावं लागतं, कोपऱ्यावर वळताना तोल जातो, खाली वाकून काही उचलणं नको होतं.

आपले अंतराळवीर शुभांशु शुक्ला ऍक्सिअम-४ या खासगी मोहिमेत जून-जुलै २०२५ मध्ये २० दिवस अवकाशात होते. परतल्यावर त्यांनीच सांगितलं की फोटो काढायला फोन हातात घेतला तर तो जड लागला. आणि एकदा काम संपल्यावर लॅपटॉप मिटून त्यांनी तो पलंगाच्या कडेला सोडून दिला, तरंगत राहील अशा समजुतीने! खाली गालिचा होता म्हणून वाचला. कॅनडाचे ख्रिस हॅडफिल्ड २०१३ मध्ये परतले तेव्हा त्यांना स्वतःच्या ओठांचं आणि जिभेचं वजन जाणवत होतं, बोलायची पद्धत बदलावी लागली होती. इतकं सूक्ष्म. जीभ उचलायलाही आपण सतत जोर लावत असतो हे एरवी कुणाच्या ध्यानात येणार?

तिसरं स्नायूंचं, आणि इथे मला रशियन लोकांचा इतिहास फार मोलाचा वाटतो. जून १९७० मध्ये सोयुझ-९ यानातून आंद्रियान निकोलायेव्ह आणि विताली सेवास्त्यानोव्ह जवळपास १८ दिवसांनी परतले. यान अरुंद, व्यायाम अपुरा. त्यांना यानातून उचलून काढावं लागलं आणि धड चालता यायला बरेच दिवस गेले. त्यानंतर सोव्हिएत स्थानकांवर व्यायामाची पद्धत कसोशीने बसवली गेली. मार्च १९९५ मध्ये व्हॅलेरी पोल्याकोव्ह मीर स्थानकावरून ४३७ दिवसांनी उतरले. ते स्वतः डॉक्टर. मंगळाइतक्या लांबच्या प्रवासानंतरही माणूस स्वतःच्या पायांवर उभा राहू शकतो हे त्यांना दाखवायचं होतं. यानातून काढल्यावर ते जवळच्या खुर्चीपर्यंत स्वतः चालत गेले. १८ दिवसांनी उचलून नेलेले दोघे आणि ४३७ दिवसांनी चालत गेलेला एक. व्यायामाचं महत्त्व पेशंटला पटवताना मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

आता आंतरराष्ट्रीय स्थानकात रोज सुमारे दोन तास व्यायामाला राखलेले असतात. ट्रेडमिलवर पळताना माणूस तरंगत जाऊ नये म्हणून खांद्या-कमरेच्या पट्ट्यांनी त्याला खाली ओढून धरतात. वजनांना तिथे वजन नाही, म्हणून निर्वात नळकांड्यांचा विरोध वापरणारं यंत्र आहे. त्यावर स्क्वॉट, डेडलिफ्ट सगळं करता येतं. परतल्यावर नासाचा ४५ दिवसांचा कार्यक्रम असतो, तोही रोज दोन तास. शुक्लांनी तिथे स्नायूंच्या पेशींवर प्रयोगही केला, बंगळुरूच्या इनस्टेम संस्थेचा. ते काम पुढे आपल्या पेशंटच्या उपयोगी यावं असं मनापासून वाटतं.

अवकाशात शरीराचं काय होतं याचा अभ्यास जमिनीवर करायचा तर काय करतात? माणसाला झोपवून ठेवतात. जर्मनीत कोलोनला २०१९ मध्ये निरोगी माणसांना ६० दिवस, डोक्याची बाजू ६ अंश खाली ठेवून, पलंगावर झोपवलं होतं. खाणं, अंघोळ सगळं झोपूनच. म्हणजे शास्त्रज्ञ ज्याला अवकाशाचा पर्याय मानतात ते आपल्या घरात 'आराम' या नावाने चाललेलं असतं. त्याहून मला हलवून गेलेला प्रयोग जुना आहे. १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलसला विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे झोपवून ठेवलं. ३० वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले. दम टिकवण्याची त्यांची क्षमता त्या तीन आठवड्यांत जितकी घटली होती तितकी मधल्या ३० वर्षांच्या वयानेही घटलेली नव्हती. हे मी काकांच्या मुलाला सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने आपणहून विचारलं, "मॅडम, संध्याकाळी मी बसवलं तर चालेल का त्यांना?" तिथून खरी सुधारणा सुरू झाली. नुसत्या माझ्या भेटींवर ती झाली नसती.

आता हाडं. आपलं हाड रोज थोडं मोडलं जातं, थोडं बांधलं जातं. भार पडला तर बांधणं टिकतं. भार गेला की मोडणं पुढे जातं आणि सुटलेलं कॅल्शियम लघवीतून जातं, त्यामुळे मुतखड्याचीही भीती. खुबा आणि पाय यांसारख्या भार घेणाऱ्या हाडांची घनता अवकाशात महिन्याला १ ते १.५ टक्के उतरू शकते. म्हातारपणी साधारण वर्षाला व्हायची तेवढी झीज ही. २०२२ मध्ये १७ अंतराळवीरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. परतून वर्ष लोटल्यावरही त्यांच्यातल्या ९ जणांच्या नडगीचं हाड पूर्ववत झालेलं नव्हतं.

म्हणजे क्रम बघा. अंधारी दिवसांत जाते, तोल दिवसा-आठवड्यांत येतो, स्नायू आठवडे-महिन्यांत भरतात, आणि हाड वर्षभर मागेच राहतं. माणसाला आतून जाणवतात त्या पहिल्या तीन गोष्टी. हाड किती मागे आहे ते आतून कधीच जाणवत नाही. म्हणून मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती 'आता मला एकदम ठणठणीत वाटतंय' म्हणणाऱ्या पेशंटची. काका त्या टप्प्यावर आले तेव्हा म्हणाले, "आता काठी कशाला? तलावपाळीला चक्कर मारून येतो, पावसाआधी." पाय खरंच बळकट झाले होते. पण त्याच बळकट पायांनी ते पूर्वीच्या झपाट्याने चालणार होते, आणि आत हाड तसंच विरळ. मी काकूंना बोलावून दोघांना एकत्र समजावलं. काठी राहिली. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवला. हाडांच्या डॉक्टरांकडे पुन्हा जाऊन डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी झाली, औषध सुरू झालं. तलावपाळीची चक्कर झाली, मुलगा बरोबर, सकाळी गर्दी नसताना. जिन्यात उतरताना मात्र अजून कुणीतरी एक पायरी खाली असतंच, कारण उतरतानाच मांडीच्या स्नायूला शरीर आवरून धरायचं काम जास्त असतं.

गगनयानात आपले लोक जातील ते तीन दिवसांसाठी, असं नियोजन आहे. तेवढ्यात हाडांना काही होत नाही. रक्त आणि कान यांचा त्रास मात्र तेवढ्यातही होऊ शकतो. २०३५ पर्यंत भारताचं स्वतःचं स्थानक उभं करायचं ठरलंय, आणि तिथे माणसं महिनोनमहिने राहू लागली की हाडांचा प्रश्न आपलाही होईल. त्यांना पुन्हा चालतं करायला आपल्याच फिजिओथेरपिस्ट लागतील. माझ्याबरोबर कधीमधी शिकायला येणाऱ्या मुलींना म्हणून मी सांगते की कानातले खडे आणि झोपून राहण्याचे परिणाम हे दोन धडे परीक्षेत ऑप्शनला टाकू नका.