कुंभार्ली घाटात तापणारी जिप्सी

चिपळूणच्या गॅरेजात आलेली ही १९९८ ची जिप्सी किंग, कार्ब्युरेटरवाली, १२९८ सीसी. तक्रार ऐकायला सरळ होती: गावात, हायवेला तापमानाचा काटा मध्यावर; पोफळी सोडून कुंभार्ली घाट चढायला लागली की निम्म्यात काटा लालवर आणि बॉनेटखालून वाफ. त्याआधी दुसरीकडे रेडिएटरचा कोअर (पाणी थंड करणारी जाळी) बदलून झाला होता, वॉटर पंप नवा बसला होता, थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून फेकला होता. तिन्ही खर्च अंगावर, आणि गाडी तापतेच आहे. मालक म्हणाले, “भाऊ, आता हेडच उघडा, एकदाचा सोक्षमोक्ष लावा.”

हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उघडायची घाई मला कधीच पटत नाही. तापणाऱ्या गाडीला पहिला प्रश्न असा की ती तापते कधी? ट्रॅफिकमध्ये उभी असताना तापली तर हवेकडे बघायचं, कारण तिथे सगळी हवा एकटा पंखा ओढतो. हायवेला वेगात तापली तर पाण्याच्या प्रवाहाकडे: अडकलेला कोअर, झिजलेला पंप, नाहीतर रेस केल्यावर आत ओढला जाणारा रेडिएटरचा खालचा होज (रबरी पाइप). घाट जरा फसवा असतो. इंजिनवर पूर्ण लोड, पण वेग २५-३०, म्हणजे समोरून हवा ट्रॅफिकइतकीच कमी. त्यामुळे हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) आणि पंखा दोघांवरही संशय जातो.

सकाळी थंड इंजिनवर रेडिएटरची कॅप उघडली. पाणी जवळपास लिटरभर कमी, आणि बाजूची बाटली मात्र काठोकाठ भरलेली. वरचा होज चपटा झालेला. म्हणजे गरम पाणी बाटलीत जातंय, थंड झाल्यावर परत ओढलं जात नाही. कॅपमधला छोटा व्हॅक्यूम व्हॉल्व्ह चिकटलेला. कॅप टेस्टरवर लावली तर ०.९ बारला उघडायची ती ०.४ लाच सुटत होती. हा फरक किरकोळ नाही. ०.९ बारच्या दाबाखाली साधं पाणी ११८ अंशांच्या पुढे उकळतं, ०.४ ला १०९ च्या आसपासच. पण कॅपमुळे पाणी लवकर उकळतं, इंजिन मुळात तापत नाही. मूळ कारण अजून सापडायचं होतं.

गॅस्केटची शंका आधी फेडली. पाणी भरून सिस्टिमवर हातपंपाने दाब दिला, दाबाचा काटा खाली आला नाही. डिपस्टिकवर तेल स्वच्छ, दुधाळ नाही. मग रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी लावून गरम इंजिन २५०० आरपीएमवर धरलं. सिलिंडरमधला गॅस पाण्यात येत असेल तर तो द्रव पिवळा पडतो. तो निळाच राहिला, बुडबुडेही नाहीत. हेडला हात लावायचं कारण संपलं. टायमिंग लाइटने इग्निशन पाहिलं, ठीक. चारही चाकं जॅकवर फिरवली, ब्रेक कुठे चाकाला अडकून राहत नव्हता.

मग घाटात गेलो. रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या टाकीवर काळी टेप चिकटवली होती, कारण चकचकीत पितळेवर इन्फ्रारेड गन खोटं, कमी तापमान दाखवते. निम्म्या घाटात थांबून इंजिन चालू ठेवूनच मोजलं: वर १०६, खाली १०१. फरक फक्त ५. इथेच केस उलगडली. प्रवाह कमी असता तर पाणी कोअरमध्ये रेंगाळून खाली बरंच थंड मिळालं असतं, फरक मोठा दिसला असता. वर-खाली दोन्हीकडे गरम म्हणजे पाणी फिरतंय, पण त्याची उष्णता घ्यायला हवाच नाही.

इंजिन बंद करून पंखा हाताने फिरवला तर तो भिंगरीसारखा तीन-चार वेढे फिरला. गरम इंजिनवर फॅन क्लचने (तापल्यावर पंख्याला इंजिनाशी घट्ट जोडणारा, तेलावर चालणारा जोड) जड लागायला हवं, फार तर वेढाभर. क्लचच्या तोंडावर मधून बाहेर पसरलेले तेलकट काळे ओघळ होते. आतलं सिलिकॉन तेल गळून गेलेलं. आणि पंख्याभोवतीचं काऊल (हवा कोअरमधूनच ओढायला लावणारं आवरण) गायब! कोअर बदलताना काढलं आणि परत लावलंच नाही. काऊल नसलं की पंखा फक्त आपल्यापुरत्या गोलातली हवा ओढतो, कोपरे कोरडे राहतात, शिवाय कडेने इंजिनवरची गरम हवाच परत घेतो. त्यात पुढच्या जाळीवर दोन मोठे दिवे. भर म्हणून मालक घाटात ‘ग्रिप मिळते’ म्हणून फोर-व्हील टाकायचे. जिप्सीत पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शिअल नाही. कोरड्या डांबरावर वळणात पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि तो भार इंजिन सोसतं.

नवा फॅन क्लच टाकला. काऊल जुन्या मार्केटमधून मिळालं. पात्यांची निम्मी रुंदी आत येईल असं बसवलं. नवी ०.९ ची कॅप. दिवे बंपरच्या खाली घेतले. कोअरमधली लाल माती मागून पुढे साध्या पाइपने धुतली. प्रेशर गन मारली की फिन्स वाकतात. थर्मोस्टॅटही परत आला. पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटर ठेवून बघितला, ८२ ला उघडायला लागला, ९५ ला पूर्ण. तो काढला की चढावर फायदा होत नाही, पण सपाटीवर इंजिन थंड राहून पेट्रोल पितं. काही इंजिनांत तर बायपास (पाणी रेडिएटर टाळून फिरवणारी वाट) उघडा राहून गाडी उलट जास्त तापते. तरीही आपल्याकडे तो सर्रास काढतात.

ब्लॉक-हेड ॲल्युमिनियमचं, म्हणून बोअरचं पाणी काढून निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी भरलं, एकूण पाचेक लिटर. कोकणात पाणी गोठायची भीती नाही. कूलंट हवं ते गंजासाठी. भरताना तोंड चढाकडे, हीटर गरमवर, थर्मोस्टॅट उघडून बुडबुडे थांबेपर्यंत कॅप उघडी.

पुन्हा तोच चढ, दुसरा गिअर, टू-व्हीलमध्ये, भर दुपारी. त्याच जागी वर ९४, खाली ८४. वळणावर रेस दिली की पंख्याचा घोंघाट आत ऐकू येत होता, तो आवाज मालकांना नवीनच वाटला. हेड गॅस्केटचा संच त्यांनी आधीच आणून ठेवला होता. दुकानदार परत घेत असेल तर बघा, म्हटलं.