चामड्याची पारख कापलेल्या कडेवरून

चामड्याचा पट्टा किंवा पाकीट घ्यायला गेले की विक्रेता हमखास 'जेन्युइन लेदर' हा शिक्का दाखवतो. त्यावरून फार तर वस्तूत चामडे आहे एवढे कळते. ते कातड्याच्या कोणत्या थरातले आहे, कसे कमावले आहे आणि किती वर्षे टिकेल, याचा त्यातून काहीच बोध होत नाही. म्हणून शिक्क्यापेक्षा कापलेली कडा पाहावी, असे माझे ठाम मत आहे.

जनावराच्या कातडीचा केसांकडचा थर अतिशय बारीक, घट्ट विणीच्या तंतूंचा असतो, तर त्याखालचे जाड तंतूंचे जाळे ताण सोसते. हा वरचा थर न घासता राखला, तर त्या चामड्याला फुल ग्रेन म्हणतात. त्यावर केसांची छिद्रे, गोचिडीचे डाग, काटेरी तारेचे ओरखडे दिसू शकतात आणि अनेक ग्राहक नेमका हाच माल 'डागी' म्हणून परत करतात, याचे मला वाईट वाटते. हे डाग झाकण्यासाठी पृष्ठभाग घासून त्यावर रंगाचा लेप देतात आणि साच्याने नकली दाणा, म्हणजे पृष्ठभागाची बारीक नक्षी, उठवतात. अशा चामड्यावर तीच नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा दिसते. नैसर्गिक दाणा मात्र पाठीकडे आणि पोटाकडे वेगवेगळा असतो.

यंत्राने वेगळा केलेला खालचा थर म्हणजे स्प्लिट. त्याचे स्वेड, म्हणजे मऊ लव असलेले चामडे, उत्तम होते, त्यामुळे तो मुळातच टाकाऊ नव्हे. फसवणूक होते ती त्यावर पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा जाड थर चढवून तो वरच्या थराच्या भावात विकला जातो तेव्हा. सर्वांत खालची पायरी बॉन्डेड लेदरची. त्यात चामड्याचा चुरा चिकटद्रव्याने एकत्र करून त्याचे ताव बनवतात. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत पॉलियुरेथेनचा लेप कपाटात ठेवल्या ठेवल्याही सुटू लागतो आणि त्याचे पापुद्रे निघतात.

पट्ट्याची कड रंगाने बंद केलेली असेल, तर बक्कलासाठी पाडलेली भोके उजेडात धरून पाहावीत, कारण भोकाच्या आतली बाजू सहसा कोणी रंगवत नाही. एकसंध तंतुमय चामडे दिसले तर ठीक. वर-खाली पातळ पापुद्रे आणि मध्ये पुठ्ठ्यासारखा भरणा दिसला, तर तो पट्टा बाजूला ठेवावा. काडी पेटवून पाहण्याच्या परीक्षेने वस्तूचे नुकसान तेवढे होते, थराची माहिती मिळत नाही.

कमावण्याची पद्धतही कडेवर उमटते. क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेले चामडे मऊ असते, पाणी बऱ्यापैकी सोसते, आणि रंग आतपर्यंत मुरला नसेल तर त्याच्या गाभ्यात निळसर करडी रेघ दिसते. बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले चामडे आतून तपकिरी असते, सुरुवातीला ताठ वाटते आणि वापराने गडद होत जाते. क्रोमचे काम थोड्या वेळात उरकते, सालीच्या कमावणीला कित्येक आठवडे लागतात. किमतीतला फरक बराचसा तिथून येतो.

कोल्हापुरी चप्पल या दुसऱ्या, वनस्पतिजन्य कमावणीच्या परंपरेतली. २०१९ साली तिला महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही रस्त्याकडेला त्याच नावाने रेक्झिनचा माल सर्रास विकला जातो. कोल्हापुरी घेताना ती उलटी करून तळाची कड बोटाने किंचित उकलून पाहावी: थरांमध्ये पुठ्ठा नसावा, जोड खिळ्यांऐवजी चामड्याच्या वादीने शिवलेला असावा आणि वरच्या पट्ट्याची मागची बाजू कापडी नव्हे, तर चामड्याच्या तंतूंची असावी. दुकानदार हे पाहू देत नसेल, तर दुसरे दुकान गाठावे.