राखणार कोण

८ जून, दिवेआगर

काल मिरग लागला आणि आज मी परसात रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं, रोप लावलं. बेचाळीस वर्षांत माझ्या हातचं पहिलं झाड. समाधानाने झोप यायला हवी होती. पण काका वाडीत जाता जाता म्हणाले, "लावतेस खरी, पण राखणार कोण?" आणि तेव्हापासून ते घशात अडकून बसलंय.

रागाने नाही म्हणाले. हातात कोयता होता, थांबलेसुद्धा नाहीत. मी मात्र खड्ड्याशी उकिडवी बसलेली, कोपरापर्यंत माती, आणि एकदम वाटलं, म्हणजे तुझं इथे काय, असंच ना? लग्न होऊन गेलेल्या मुलीने आमसुलं न्यावीत, झाड कशाला लावावं? रडूच आलं.

आमची जमीन वाळूची. पहार लागली नाही, फावड्याने भागलं. दीड फुटावर सुतळीसारख्या तांबूस मुळांचा गुंता लागला. जुन्या माडाची मुळं. ओढली की भुगा व्हायची. ३ जून २०२०, निसर्ग वादळ. माड पडला, आईचा रातांबा पडला, सुपारीची बाग तर सपाट झाली. मी तेव्हा आले नाही. लॉकडाऊन होता. तो उठल्यावरही लगेच... जाऊ दे.

सगळे म्हणाले, कलम आण. बियांचं रोप नर निघालं तर फळ नाही, आणि नर की मादी हे कळायलाच सात-आठ वर्षं. खरं आहे. पण आईच्या रातांब्याच्या बिया मागे खालच्या आळीत गेल्या होत्या, तिथल्या झाडाखाली हे उगवलेलं. वीतभर उंची. शेंड्याची दोन पानं अजून लालसर, ओली असल्यासारखी चमकणारी. त्याच्या शेजारचं एक कोवळं पान चावून बघितलं. तोच आंबटपणा, दात आंबवणारा. मग कलमाचा विचार मनात आलाच नाही.

राखणार कोण.

संध्याकाळी वाडीत गेले. वादळानंतर काकांनी सुपारीची रोपं लावली, त्यातल्या काहींना यंदा पहिली पोय, म्हणजे फुलोरा, आली आहे. सगळी वर्षं शिपणं त्यांनी एकट्याने काढलं. मुलं डोंबिवलीला. पाऊस गेला की दिवाळीपासून पंप, पाट, एकेक अळं. त्यांच्या तोंडी 'राखणं' म्हणजे एवढंच असेल. पाणी, गुरं, वाळवी. मी सकाळपासून त्यात माहेर-सासर कालवत बसले होते.

तरीही प्रश्न उरतोच, आणि तो बरोबर आहे. रविवारी मी पुण्याला जाणार. चार महिने पाऊस सांभाळेल. पुढे? उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणूनच एवढं लागलं असावं. त्यांच्याकडे मागायला जीभ रेटत नाही. वादळात न आलेलीने आता पाणी मागायचं.

करवंदीच्या काट्या रोपाभोवती रोवल्या आहेत, मोकाट गुरं तरी तोंड घालणार नाहीत. उद्या चहाच्या वेळी काकांना विचारणार आहे, वाडीतला पाट न्हाणीच्या मागून चार हात वळवला तर चालेल का. खणून मीच देईन, जायच्या आधी.