एका ओळीसाठी सात आठवडे

नेमणूक पत्रात एक ओळ घालून घ्यायला मला सात आठवडे लागले. पत्रावर सही करून आता चार महिने झाले, तरी ते दिवस आठवले की अजून चीड येते. लहान मुलं पदरात असताना कंत्राटी काम चालू ठेवायचं की कायम नोकरी धरायची, या विचारात जी कुणी असेल, तिचे निदान हे सात आठवडे तरी वाचावेत म्हणून लिहिते आहे.

माझा थोरला साडेचार वर्षांचा, धाकटी दीड. तीन वर्षं मी एकाच कंपनीत कंत्राटावर होते. सहा-सहा महिन्यांचा करार, दिवसाच्या दरानं बिल. मग त्याच कामासाठी, त्याच टेबलावर, ‘कायम होणार का?’ असं विचारणं आलं. कंत्राटाचा दर कायम नोकरीतल्या दिवसाच्या पगारापेक्षा एक तृतीयांश जास्त होता, त्यामुळे पहिल्यांदा मन नाहीच म्हणत होतं.

मग वही काढली. मागच्या वर्षी कोणत्या दिवसाचं बिल लावलं आणि कोणत्या दिवसाचं नाही, ते सगळं तिच्यात टिपलेलं होतं. वर्षातून शनिवार-रविवार वगळले की २६१ दिवस उरतात. माझी बिलं होती २०३ दिवसांची. राहिलेल्या ५८ मध्ये सार्वजनिक सुट्ट्या १२, दोन करारांच्या मधले रिकामे दिवस २१, मुलांची आजारपणं १७, माझं स्वतःचं आजारपण ५ आणि पाळणाघर बंद म्हणून ३. कायम नोकरीत रिकामे दिवस येत नाहीत आणि बाकीचे सुट्टीत, रजेत बसतात, म्हणजे पगार पुरत्या २६१ दिवसांचा. माझे २०३ दिवस एक तृतीयांशानं वाढवून धरले तरी होतात २७०. म्हणजे ज्या जास्तीच्या दराचं मला एवढं अप्रूप होतं, तो अख्ख्या वर्षात जेमतेम नऊ दिवसांचा निघाला. विमा आणि म्हातारपणाची तरतूद त्यातूनच करायची होती.

मुलांच्या आजारपणाचे १७ दिवस कुणाला जास्त वाटतील. लहान मुलांना वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणं डॉक्टर सर्वसाधारण धरतात, पाळणाघरात जाणाऱ्यांना त्याहूनही जास्त वेळा होते. आमच्याकडे थोरल्याची उतरली की चौथ्या दिवशी धाकटीला. तेव्हा हिशेब करताना चांगलं वर्ष मनात धरू नका, मागचं खरं वर्ष समोर ठेवा. निर्णय माझा त्या एका संध्याकाळीच झाला. पुढचं सगळं सरळ होईल असं वाटलं होतं.

पत्राचा मसुदा आला आणि चौथ्या मुद्द्यावर अडले. ‘कामाचे तास कार्यालयाच्या गरजेनुसार ठरतील व बदलू शकतील.’ तीन वर्षं मी साडेआठला येऊन साडेचारला निघत होते, कारण पाळणाघर साडेपाचला बंद होतं. कंत्राटात हे कुणी लिहिलं नव्हतं आणि कुणी अडवलंही नव्हतं. पण एकदा बैठक लांबली आणि पोचायला पावणेसहा झाले, ती संध्याकाळ मी विसरलेले नाही. बाकी सगळी मुलं गेलेली. धाकटी दाराजवळच्या बाकड्यावर, पायात बूट, मांडीवर पिशवी, दोन्ही हातांनी पिशवीचे बंद घट्ट धरलेले. रडतही नव्हती. मला बघूनही पटकन उठली नाही. त्यामुळे साडेचारला निघणं मला कागदावर हवं होतं.

पहिल्या आठवड्यात एचआरला फोन केला. ‘मॅडम, साचा ठरलेला आहे. मॅनेजरनी सांगितलं तर बघू.’ मॅनेजरकडे गेले. ते भले गृहस्थ, मनापासून म्हणाले, ‘अगं, मी आहे ना! साडेचारला तुला कोण अडवतंय?’ मी म्हटलं, सर, मग तेवढं एचआरला कळवा. कळवतो म्हणाले. तिसऱ्या आठवड्यात एचआरनं सांगितलं, त्यांचा मेल आलेलाच नाही. सर म्हणाले, तोंडी सांगितलंय. चौथ्या आठवड्यात प्रकरण कायदा विभागाकडे गेलं. तिथे कुणाला भेटायचं ते सांगायला कुणी तयार नाही. दर वेळी ‘प्रक्रियेत आहे’ एवढंच. धाकटीला ताप, ती खांद्यावर, काखेत थर्मामीटर, आणि कानाशी फोनवर तीच वाट बघायला लावणारी धून, असे दोन दिवस तर मी पुरते घालवले. अकरा मिनिटांनी फोन कट झाला तेव्हा माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

आणि पाचव्या आठवड्यात सरांची दुसऱ्या विभागात बदली झाली. ‘मी आहे ना’ म्हणणारा माणूस तिथे राहिलाच नाही. त्यांचा दोष नव्हता. पण मी त्यांच्या शब्दावर पहिल्याच आठवड्यात सही केली असती तर? त्या विचारानं मला रात्री झोप लागली नाही. तोंडी सवलत माणसाबरोबर जाते, हे मी तेव्हा अंगावर घेऊन शिकले.

वर माझा चालू करार संपत आलेला. ‘आता सही करून टाका, नंतर बदलून घेऊ’, असा आग्रह सुरू झाला. इथे मी एक गोष्ट बरी केली, तिचा मला आजही अभिमान वाटतो. सही न करता जुना करार एक महिना वाढवून मागितला. तो एका दिवसात मिळाला! ज्या कंपनीला एक ओळ बदलायला महिना पुरत नव्हता, तिलाच कंत्राटाचा कागद दुपारपर्यंत काढता आला. तेव्हा करार संपायच्या निदान दोन महिने आधी बोलणी सुरू करा.

त्या आठवड्यात मी रात्री बसून वाचलंही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९८१ सालचा १५६ क्रमांकाचा करार आहे. कुटुंबाच्या जबाबदाऱ्या आहेत एवढ्यावरून कुणाला कामावरून काढणं वैध ठरत नाही, असं त्यात आहे, आणि तो बायका-पुरुष दोघांसाठी आहे. ज्या देशांनी तो स्वीकारलाय त्यांच्यावरच तो बंधनकारक. माझं पत्र त्यानं सुटणार नव्हतं, पण आपण मेहेरबानी मागत नाही आहोत, एवढं बळ मात्र आलं. आणखी एका बाळाचा विचार असेल तर त्याच संघटनेचा २००० सालचा १८३ क्रमांकाचा करारही बघा. त्यात बाळंतपणाची रजा किमान १४ आठवडे आहे. सहा महिन्यांच्या कंत्राटातला तो निम्म्याहून मोठा काळ झाला. रजेच्या मधेच कंत्राटाची तारीख संपली तर काय, हे आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

शेवटी गाडी हलली ती वेगळ्याच गोष्टीनं. तोवर मी नुसतं विचारत होते, ‘वेळेचं काही करता येईल का?’ सहाव्या आठवड्यात मी वाक्यच लिहून पाठवलं: ‘कामाची वेळ सकाळी ८.३० ते दुपारी ४.३० राहील, बदल दोघांच्या लेखी संमतीने व चार आठवड्यांची सूचना देऊन होईल.’ मेल नव्या मॅनेजरना, एचआरला आणि कायदा विभागाला एकत्र. आठ दिवसांत शब्दन् शब्द तसाच पत्रात आला. कुणालाही नवीन काही लिहायचं नव्हतं, फक्त हो म्हणायचं होतं. हे मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर!

परीक्षेच्या काळाचं, म्हणजे प्रोबेशनचं, राहिलंच. सहा महिने आजारपणाची रजा नाही असं मसुद्यात होतं. तीन वर्षं तेच काम केल्याचं दाखवून तेही मी काढून घेतलं, पण त्याला एक मेल पुरला. मागायला लाजू नका.

माझ्या मैत्रिणीनं उलट ठरवलं. तिच्या नवऱ्याची नोकरी पक्की, घरात मुलांकडे बघायला माणूस, आणि तिला शाळेच्या सुट्टीचे दोन महिने मोकळे हवे असतात. तिला कंत्राटच बरं, आणि मलाही ते पटतं. आमच्याकडे दोघंही कंत्राटावर होतो, ते मला सोसत नव्हतं.

शेवटचं बिल मात्र रुजू व्हायच्या आधी मंजूर करून घ्या. मी कर्मचारी झाले त्या दिवशी पुरवठादार म्हणून माझं खातं बंद झालं आणि २१ दिवसांचं बिल मधल्या मधे लोंबकळत राहिलं. त्याचे पैसे गेल्या आठवड्यात जमा झाले.