वाळवंटात काय बघायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. अलिबाग-पेणकडचं कुणी इस्राएलला यायला निघालं की आम्हाला दिमोनात, दक्षिण इस्राएलच्या वाळवंटातल्या आमच्या गावात, फोन येतोच. "जेरुसलेम तर बघूच, पण तुमच्या वाळवंटात काय आहे?"

मसादाचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. हेरोद राजाचा तो डोंगरी किल्ला जरूर बघा, उन्हं चढायच्या आत. पण हाती एकच दिवस असेल तर मी तुम्हाला आधी तेल अरादला नेईन. हिब्रूत तेल म्हणजे वस्तीवर वस्ती चढून झालेलं टेकाड. इथे खाली पाच हजार वर्षांपूर्वीचं कनानी शहर पसरलंय, आणि वर यहूदाच्या, म्हणजे जेरुसलेमभोवतीच्या जुन्या ज्यू राज्याच्या, राजांची छोटी गढी.

त्या गढीत देऊळ होतं, जेरुसलेमचं मंदिर उभं असतानाच्या काळात. अंगणात न घडवलेल्या दगडांची वेदी, तोरात, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथात, सांगितलंय तशीच. आत गाभारा, आणि त्याच्या पायरीवर धुपाच्या दोन लहान वेद्या. कुणीतरी त्या आडव्या करून मातीखाली झाकल्या, म्हणून टिकल्या. त्यांच्यावरचा काळा थर तपासला तेव्हा २०२० साली कळलं की एकीवर ऊद जाळत, तर दुसरीवर शेणात मिसळून गांजा. आता तिथे प्रतिकृती आहेत, मूळ वस्तू जेरुसलेमच्या संग्रहालयात. तरी त्या पायरीसमोर उभं राहिलं की माझा आवाज आपोआप खाली येतो.

पण माझा जीव अडकलाय तो खापऱ्यांत. इ.स.पू. ६००च्या सुमाराला इथे एल्याशीव नावाचा कोठारी होता. फुटक्या मडक्यांच्या तुकड्यांवर शाईने लिहिलेले हुकूम त्याला येत: कित्तीम (बहुधा ग्रीक भाडोत्री) शिपायांना इतका द्राक्षारस दे, भाकरीला पीठ दे, आणि दिवस लिहून ठेव. एका तुकड्यावर नहूम नावाच्या माणसाला सांगितलंय, एल्याशीवच्या घरून तेल घे, त्यावर तुझी मोहोर लाव आणि लवकर पाठव. मागच्या बाजूला पोच: महिन्याच्या २४ तारखेला नहूमने तेल दिलं, एक.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू; शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनिवार तेली. आमच्या आजोबांचा घाणा होता आणि दिलेल्या तेलाची नोंद ते अशीच दोन शब्दांत करत. नहूमची ती ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा मला रडू आलं. पुढे काही वर्षांतच बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने यहूदाचं राज्य बुडवलं, हे त्या लिहिणाऱ्याला कुठे माहीत होतं!

तिथून तेल बेएर शेवा. इथली वेदी १९७३ साली सापडली, तीही एका कोठाराच्या भिंतीत! कधीतरी तिचे दगड सुटे करून बांधकामाला वापरले होते. चार कोपऱ्यांना शिंगं, एका दगडावर कोरलेला साप, आणि दगड चक्क घडवलेले, म्हणजे तोराच्या आज्ञेविरुद्ध. अरादची वेदी नियमात, ही नाही, आणि दोन्ही एकाच राज्यात. डोक्यावर शिरस्त्राण चढवून पाण्याच्या टाक्यांतही उतरा. खालच्या गारव्यात कळतं, इथे गाव वसवायचं म्हणजे आधी पाणी साठवायचं. ममशीत, नबाती म्हणजे प्राचीन अरब व्यापाऱ्यांचं गाव, दिमोनाच्या शेजारीच आहे. संध्याकाळी तासभर पुरे.

आणि आमच्यासाठी सगळ्यात जवळची गोष्ट एलियाहू हानबीची, म्हणजे एलिया प्रेषिताची. अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या रथाची खूण आपण मानतो, त्याच्या नावाने मलिदा, गोड पोह्यांचा प्रसाद, करतो. राणी ईजबेलच्या भीतीने तो पळाला तो बेएर शेवालाच. चाकराला तिथे ठेवून एकटाच दिवसभर वाळवंटात चालला, रतामाच्या झुडपाखाली बसला आणि म्हणाला, आता पुरे. तिथे देवदूताने त्याला निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं.

ते झुडूप आजही इथे सगळीकडे उगवतं. हिवाळा सरता सरता या, पांढऱ्या फुलांनी भरलेलं असतं. मी गाडी थांबवीन, तुम्ही खाली बसून बघा. सावली जेमतेम एका माणसापुरती पडते.