पाऊण सेकंदाचा खटका

इंग्लंडच्या पश्चिम भागातील एका ध्वनिसंग्रहात जुन्या रेकॉर्डच्या डिजिटल प्रती तयार करण्याचे काम मी करते. एका दिवंगत संग्राहकाच्या घरून आलेल्या खोक्यांत ‘मॅचबॉक्स’ या लेबलच्या, म्हणजे त्या नावाने निघणाऱ्या रेकॉर्ड निघाल्या, आणि त्यांतील एकीने माझा अख्खा दिवस घेतला.

जेफ लुसेना यांनी 1965 साली ब्रिस्टलमध्ये ‘सेडिस्क’ ही छोटी कंपनी काढली. हातघंटा, चावीच्या संगीतपेट्या, यांत्रिक ऑर्गन अशा, मोठ्या कंपन्या ढुंकूनही पाहणार नाहीत त्या गोष्टी ती रेकॉर्डवर आणत असे. ‘मॅचबॉक्स’ ही तिचीच ब्लूजसाठीची, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीतासाठीची शाखा. त्या काळी ब्रिटनमधली छोटी लेबले अनेकदा एका रेकॉर्डच्या 99 प्रतीच काढत, कारण शंभराच्या आत राहिले की खरेदी कर चुकत असे. आज लिलावात ‘अतिदुर्मिळ’ म्हणून मिरवणाऱ्या कित्येक रेकॉर्डच्या मागे एवढाच हिशेब आहे. 1968 मध्ये ‘मॅचबॉक्स’ने जो अँ केली, डेव्ह केली, माइक कूपर, इयन अँडरसन अशा तरुण ब्रिटिश गायकांचा, गावाकडच्या ढंगाच्या ‘कंट्री ब्लूज’चा एकत्रित एलपी (दीर्घ वाजणारी रेकॉर्ड) काढला. पुढे 1982 ते 1988 या काळात ‘ब्लूजमास्टर’ मालिका आली, ती मात्र जुन्या अमेरिकन गायकांची. निवड व्हिएन्नाच्या योहान पार्थ यांची, आणि रेकॉर्डसोबतची माहितीची टिपणे पॉल ऑलिव्हर यांची. ऑलिव्हर हे मुळात वास्तुकलेचे अभ्यासक. लोकांनी स्वतः बांधलेल्या घरांवर त्यांनी आयुष्यभर लिहिले, आणि ब्लूजकडेही ते त्याच नजरेने पाहत असावेत, असे मला त्यांची टिपणे वाचताना नेहमी वाटते.

माझ्या टर्नटेबलवर होती ती याच मालिकेतली एक रेकॉर्ड. धुऊन, पुसून लावली, तरी दुसऱ्या गाण्यात ‘टक्, टक्’ असा खटका सुरूच. सहकाऱ्याचे मत पडले की एलपीवर चरा असेल, दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरने काढून टाकावा. मला ते पटेना, कारण खटका फार लवकर लवकर येत होता. मिनिटाला 33⅓ फेरे घेणाऱ्या एलपीवर आडवा चरा असेल, तर तो 1.8 सेकंदांनी परत वाजतो. संगणकाच्या पडद्यावर दोन खटक्यांमधले अंतर मोजले, ते 0.77 सेकंद भरले. म्हणजे हा मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या, एलपीच्या आधीच्या जुन्या तबकडीचा खटका! तरीही खात्री करावी म्हणून डाव्या बाजूचा आवाज उजव्या बाजूच्या आवाजातून वजा केला. गाणे मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकसारखे असल्याने जवळजवळ नाहीसे झाले, एलपीचा स्वतःचा कचकचाट उरला, आणि खटका गाण्याबरोबरच गेला. तो एलपीचा असता, तर दोन्ही बाजूंना सारखा बसला नसता आणि वजाबाकीनंतरही मागे राहिला असता.

त्याचा अर्थ उघड होता: चरा एलपीवर नव्हता, ज्या जुन्या तबकडीवरून ती बनवली तिच्यावर होता. ही गाणी ज्या कंपन्यांनी छापली, त्यांच्यापैकी पॅरामाउंट या जुन्या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीसारख्यांचे धातूचे मूळ साचे बहुतांशी भंगारात गेले. त्यामुळे असे लेबल गाणे परत काढते, ते कोणा संग्राहकाकडे उरलेल्या, झिजलेल्या लाखेच्या तबकडीवरूनच. (ती लाख त्या काळी बहुतांशी आपल्याच देशातून जात असे, हे इथल्या सहकाऱ्यांना सांगितले की ते हमखास चकित होतात.)

दुपारी आमच्याच संग्रहातून त्याच गाण्याची, दुसऱ्या एका लेबलने काढलेली रेकॉर्ड मिळाली. तिथेही तोच खटका, त्याच शब्दावर सुरू होऊन त्याच ओळीवर संपणारा. दोन वेगळ्या देशांतल्या दोन लेबलांनी एकाच तबकडीवरून काम केले होते, एवढे यातून निघते. तिच्याखेरीज दुसरी प्रत उरली नव्हती, असे मात्र त्यावरून म्हणता येत नाही, म्हणून तसे मी लिहिले नाही.

संध्याकाळी दोन फायली केल्या. ऐकणाऱ्यांसाठीच्या फायलीत खटका सौम्य केला. जतनाच्या फायलीला हात लावला नाही, आणि नोंदीच्या रकान्यात त्याची सुरुवात, शेवट आणि 0.77 हा आकडा टिपला, म्हणजे उद्या कोणाच्या माळ्यावर तशीच चरा पडलेली तबकडी सापडली, तर ती ओळखता येईल.