बिनमोटारीचा हलता देखावा

गिरगाव-लालबागच्या मंडळांचे चलतचित्र देखावे ज्यांनी मागच्या बाजूने पाहिलेत, त्यांना खरी गंमत ठाऊक असते. पुढे राक्षस मान डोलावतो, मागे गाडीच्या वायपरची १२ व्होल्टची मोटार कुरकुरत असते. घरच्या गणपतीपुढे एवढ्या जामानिम्याची गरज नाही. कुरिअरचं खोकं, बांबूच्या काड्या, संपलेली बॉलपेनं, जुनी लग्नपत्रिका आणि मोडकी छत्री एवढ्या भांडवलावर हलता देखावा उभा राहतो. २०१८ साली राज्यात थर्माकोल बंद झाला तेव्हापासून पुठ्ठ्याची मखरं घरोघरी आली. पण ती सगळी गप्प उभी असतात.

मोटार मुद्दामच नको. ती एकाच वेगाने फिरते आणि बघणाऱ्याची नजर दोन मिनिटांत उडते. दांडा हातात आला की दर्शनाला आलेलं पोर आधी हळू फिरवतं, मग थांबतं, मग पुन्हा. देखाव्याचा वेग तेच ठरवतं.

आपण करायचाय तो उंदीर. मोदकांच्या ताटामागे दबा धरून बसलेला, हळूहळू डोकं वर काढणारा, वर आल्यावर क्षणभर इकडेतिकडे बघणारा आणि फटकन खाली जाणारा. ही सगळी नक्कल एका चकतीच्या कडेत कापायची असते. कारखान्यात तिला कॅम म्हणतात, आपणही तेच म्हणू.

खोकं साधारण १८ सेमी रुंद, १८ उंच, १२ खोल. फाइव्ह प्लायचं, म्हणजे पाच थरांचं मिळालं तर उत्तम; थ्री प्लायचं असेल तर बाजूच्या भिंती दुहेरी करा, आणि चिकटवताना पुठ्ठ्याच्या आतल्या पन्हळीच्या नळ्या एका थरात उभ्या, दुसऱ्यात आडव्या ठेवा. नळ्या एकाच दिशेने गेल्या की पुठ्ठा त्या रेषेवर हमखास मोडतो. पुढची बाजू उघडी ठेवा. आतली यंत्रणा दिसणं हाही देखावाच आहे, शिवाय दुरुस्तीला हात घालता येतो.

तळापासून ६ सेमीवर दोन्ही बाजूच्या भिंतींना समोरासमोर भोकं पाडा. कात्रीचं टोक खुपसू नका, त्याने भोक फाटतं; दाभणाने टोचून पेन्सिलीने मोठं करा. भोकांत बॉलपेनच्या नळकांड्याचे २-२ सेमीचे तुकडे बसवा आणि त्यांतून ३ मिमीची, ३० सेमी लांबीची बांबूची काडी ओवा. कबाबाला वापरतात ती. काडी थेट पुठ्ठ्यात फिरवली तर पहिल्या दिवशी छान चालते. दुसऱ्या दिवशी ऑगस्टची हवा खाऊन पुठ्ठा फुगतो आणि काडी अडकते. प्लास्टिकच्या नळीला दमट हवेचं सोयरसुतक नसतं.

काडी डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून भिंतीलगत दोन्हीकडे सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे अर्धा-अर्धा सेमीचे तुकडे चढवा. टाकाऊतून खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांनी आगपेटीच्या काड्या जोडायला हीच ट्यूब वापरून कितीतरी पोरांना भूमिती हातात दिली. सायकलवाल्याकडे ती मागितली की तो मीटरवर कापून देतो.

आता कॅम. पुठ्ठ्यावर घड्याळाची तबकडी काढा: मध्यबिंदू आणि १२ तासांच्या १२ रेघा. १२ ते ३ पर्यंत मध्यापासून २ सेमीवर खूण; इथे उंदीर लपलेला. ३ नंतर दर तासाला ४ मिमी वाढवत जा: ४ वर २.४, ५ वर २.८, असं ९ वर ४.४ सेमी. हे त्याचं हळूच वर येणं. ९ ते १२ पुन्हा ४.४, म्हणजे वर थांबून टेहळणी. मग १२ च्या रेघेवर ४.४ वरून सरळ २ वर उभा काप. तीच फटकन बुडी. खुणा हाताने गोलसर जोडा.

दबकणं जास्त हवं तर लपायचे तास वाढवा, पण चढ अर्ध्या फेरीपेक्षा फार आखडू नका. चढ ३० अंशांहून उभा झाला की कॅम त्याच्यावर टेकलेल्या, उंदीर वाहणाऱ्या उभ्या काडीला वर ढकलायचं सोडून बाजूला ढकलतो आणि ती नळीत तिरकी होऊन बसते. ‘अडकतोय’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं, तेल नसणं नव्हे. आणि तेल घालायचंच नाही. पुठ्ठा ते पितो आणि लिबलिबीत होतो. घासायची ती कोरडी मेणबत्ती.

कॅम दोन थरांचा करा, नळ्या काटकोनात. मग कडेवर लग्नपत्रिकेच्या जाड गुळगुळीत कागदाची १ सेमी रुंद पट्टी चिकटवा, कारण उघड्या कडेवरच्या नळ्यांच्या तोंडांत उभ्या काडीचा कॅमवर टेकणारा पाय खड्ड्यांवरून गाडी गेल्यासारखा आपटत जातो आणि चार दिवसांत कड चेपते. पट्टी ४.४ च्या टोकावर दुमडून खाली उतरवा. टोकावर जोड ठेवलात तर पहिला तोच सुटेल.

घड्याळाच्या क्रमाने आखलेला कॅम, आखलेल्या बाजूने पाहता, उलटा फिरवावा लागतो. म्हणून आखलेली बाजू दांड्याकडे पाठ करून लावा. मग दांडा सरळ, घड्याळासारखा फिरतो. कॅमला भोक काडीपेक्षा किंचित लहान ठेवा आणि दोन्ही बाजूंनी २ सेमीच्या पुठ्ठ्याच्या टिकल्या घट्ट बसवा. फेव्हिकॉल मात्र सगळं जुळल्यावर, शेवटी. कॅम काडीवर सैल फिरणं हा या खेळण्यांचा दुसरा मोठा रोग.

खोक्याच्या माथ्याला कॅमच्या बरोबर वर भोक पाडून नळकांड्याचा ५ सेमीचा तुकडा आत लोंबता बसवा. तुकडा लहान असला की उभी काडी डुगडुगते आणि अडकतेही. त्यातून १३ सेमीची काडी सोडा. वर उंदीर, खाली पाय. पाय १ सेमीचा, खालून गोलसर. एखादा लाकडी मणी झकास. पाय मोठा ठेवला तर उभ्या कडेवरून तो उशिरा सुटतो आणि बुडीतला झटका जातो. उंदीर कागदाचा, हलका. नुसत्या वजनावर तो खाली येणारच नाही, वरच लटकेल. काडीला पायाच्या वर दोन लोखंडी वायसर चिकटवा, की पडतो कसा टणकन. काडी स्वतःभोवती फिरून उंदराने गणपतीकडे पाठ करू नये म्हणून तिला खालच्या अंगाला खराट्याची एक हीर समांतर बांधा आणि ती माथ्यावरच्या दुसऱ्या बारीक भोकातून वर काढा.

खाली असताना काडीचं टोक माथ्यापासून ३ सेमी वर राहतं. मोदकांचं ताट त्या हिशेबाने उभं करा. उंदीर पूर्ण लपवू नका. दोन कानांची टोकं दिसत राहिली तर लोक वाट बघतात.

दांड्याचा हात ४ सेमीचा, मुठीला बाटलीचं झाकण. दांडा काडीला चिकटवू नका, व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्याने जोडा. पोरं उलटं फिरवणारच, बाण काढा नाहीतर पाटी लावा. उलट फिरवलं की पाय उभ्या कडेला अडतो. जोड चिकटवलेला असेल तर काडी कडकन मोडते, रबर असेल तर ते नुसतं घसरतं.

हे जमलं की लाटा सोप्या. ५ सेमी व्यासाच्या ६ गोल चकत्या, भोक मध्यापासून १ सेमी बाजूला. उचल २ सेमी. एकाच काडीवर अडीच-अडीच सेमी अंतराने बसवा आणि जाड बाजू अनुक्रमे १२, २, ४, ६, ८, १० वाजता ठेवा. इथे पाय सपाट आणि निदान ३ सेमी लांब हवा, कारण चकती फिरताना टेकण्याची जागा मध्यापासून १-१ सेमी पुढेमागे सरकते. उभी काडी चकतीच्या मधोमध नसली तर पाय हळूहळू गोल फिरतो. लाटेला तो दोष, पण टोकावर होडी असेल तर वर-खाली होता होता वळतेही. असे दोष जपून ठेवावेत.

सहा काड्यांवर छत्रीचं निळं कापड टाका. दर पावसाळ्यात एक छत्री उलटी होऊन मरतेच, तिचं कापड हलकं, न चुरगळणारं, घसरतं. काड्यांमधल्या १२.५ सेमीला कापड निदान १४ सेमी ठेवा. ताणून लावलं तर शेजारच्या काड्या एकमेकींना ओढतात आणि समुद्राची चादर होते. उलट फिरवलं तर लाट परतते, मोडत काही नाही. विसर्जनाच्या देखाव्याला हे बरं.

रंगाबद्दल थोडंच. पोस्टर कलरच्या पाण्याने पुठ्ठा एका बाजूला वाकतो. दोन्ही बाजूंना हात मारा आणि रात्रभर रद्दीत दाबून ठेवा. मैद्याची खळ स्वस्त पडते, पण पावसाळ्यात तिला बुरशी धरते. बुकबाइंडर त्यात मोरचूद घालतात, पण ते विषारी आहे. लहान हात असतील तिथे फेव्हिकॉलच बरा, आणि तोही पातळ. वरून सुताराचं फ्रेंच पॉलिश एक हात मारलं तर ओल शिरत नाही, त्यात पाणी नसून स्पिरिट असतं. अर्थात त्यामुळे ते भडकतंही. पूर्ण वाळल्यावरच आत आणा, आणि समई-निरांजनापासून खोकं हातभर लांब मांडा.

विसर्जनानंतर रंगवलेलं खोकं रद्दीवाल्याला द्या, पण आधी वायसर आणि पेनांची नळकांडी काढून घ्या. कॅम काडीसकट ठेवा, आणि कोणती बाजू दांड्याकडची ते पेन्सिलीने लिहून.